जाड आणि अरुंद अक्षराचं पोट

एक प्रयोग करून पाहा. कॉम्प्युटरवर नेहमीच्या कुठल्याही फाँटमध्ये, जाड अक्षरांत, 'धार' हा शब्द लिहा. मग त्याची बाजूची कड धरून आत ढकला, मूळ रुंदीच्या ६० टक्के उरेल इतका. उंचीला हात लावू नका. आता जरा थांबून बघा. शब्द अरुंद झाला खरा, पण उभे दांडे हडकुळे झालेत आणि शिरोरेषा मात्र होती तेवढीच जाड राहिली आहे. काठ्यांच्या आधारावर सागाची तुळई टाकावी तसं.

गणित साधं आहे. समजा दांडा २० एकक जाड होता आणि शिरोरेषा १६. आडवं दाबल्यावर दांड्याची जाडी ६० टक्के होते, म्हणजे १२. शिरोरेषेची जाडी वरून खाली मोजतात, त्यामुळे आडव्या दाबाने तिला काहीच होत नाही, ती १६ वरच राहते. ज्याने भार पेलायचा तोच बारीक झाला. याहून मोठं नुकसान 'ध'च्या डोक्यावर होतं. 'ध' आणि 'घ' ओळखायला आपल्याला शिरोरेषेतली छोटीशी फट उपयोगी पडते. दाबल्यावर तीही ६० टक्केच उरते. रस्त्याच्या पलीकडून पाहणाऱ्याला 'धार'ची 'घार' दिसते.

म्हणजे जाड आणि अरुंद अक्षर हवं असेल तर ते पहिल्यापासून तसंच रेखावं लागतं, दाबून मिळत नाही. असं का, आणि मुळात अशा अक्षराची गरज कुणाला आणि कशी पडली, ते सांगतो.

छपाईच्या जगात या जातीला 'बोल्ड कंडेन्स्ड सॅन्स सेरिफ' म्हणतात. बोल्ड म्हणजे जाड, कंडेन्स्ड म्हणजे अरुंद. सेरिफ म्हणजे रोमन अक्षरांच्या रेघांना टोकाशी असलेली बारीक पावलं. इंग्रजी पुस्तकात कॅपिटल 'आय'ला वर आणि खाली असतात ना, ती. 'सॅन्स' हा फ्रेंच शब्द, अर्थ 'विना'. पावलं नसणं इथे फार सोयीचं ठरतं, कारण ती आडवी पसरतात आणि शेजारच्या अक्षराला लांब ठेवतात. ज्याला प्रत्येक सुतावर जागा वाचवायची आहे त्याला ही चैन परवडत नाही. आणि हे अक्षर 'डिस्प्ले'चं, म्हणजे मथळ्यांचं, पोस्टरांचं, पाट्यांचं. मजकुरासाठी नाही.

पावलं नसलेलं छापायचं अक्षर पहिल्यांदा दिसलं ते १८१६ मध्ये, विल्यम कॅस्लन चौथा या लंडनच्या अक्षर ओतणाऱ्याच्या नमुनापुस्तकात. एकच आकार, आणि फक्त कॅपिटल अक्षरं. १८१९ मध्ये त्याची फाउंड्री, म्हणजे अक्षरं ओतण्याचा कारखाना, शेफील्डच्या एका नव्या कंपनीने विकत घेतली. पुढे ही कंपनी स्टीफन्सन ब्लेक या नावाने ओळखली जाऊ लागली. हे नाव लक्षात असू द्या.

त्याच काळात भिंतीवर चिकटवायच्या जाहिरातींसाठी वीतभर, हातभर उंचीची अक्षरं लागू लागली. एवढे मोठे खिळे, म्हणजे छपाईचे अक्षराचे ठोकळे, धातूत ओतायचे तर ते जड आणि महाग होत, शिवाय धातू थंड होताना अक्षराचा पृष्ठभाग मध्येच खचे. म्हणून लाकूड आलं. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने १८२७ मध्ये लाकडी अक्षरं कोरायला राउटर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं यंत्र, वापरला आणि १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफची जोड दिली. एका नमुन्यावर सुई फिरवायची आणि दुसरीकडे त्याच आकाराचं लहान किंवा मोठं अक्षर कोरून निघायचं. लाकडी अक्षरं स्वस्त झाली, आणि त्यांचे तऱ्हेतऱ्हेचे रुंद-अरुंद प्रकार बाजारात आले.

रुंद-अरुंद का? पोस्टरचा कागद ठरावीक रुंदीचा असतो आणि छापणाऱ्याला प्रत्येक ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेली हवी असते. एका ओळीत 'सर्कस' हा एकच शब्द, तर खालच्या ओळीत गावाचं लांबलचक नाव. लहान शब्द रुंद अक्षरात पसरायचा, लांब शब्द अरुंद अक्षरात बसवायचा. अरुंद अक्षराचा जन्म असा कागदाच्या कडेशी झाला.

वर्तमानपत्रांत तीच गोष्ट कॉलमची. कॉलमची रुंदी संपादकाच्या इच्छेने वाढत नाही. १९०३ मध्ये मॉरिस फुलर बेंटनने अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी 'ऑल्टरनेट गॉथिक' हे अक्षर काढलं ते मुद्दाम तीन रुंद्यांमध्ये, क्रमांक एक, दोन आणि तीन. एकात मथळा बसला नाही तर दुसरं घ्या, आणि वाचकाला फरक जाणवू देऊ नका. यूट्यूबच्या २००५ ते २०१७ या काळातल्या चिन्हातली अक्षरं याच घराण्यातल्या दुसऱ्या क्रमांकावर बेतलेली होती, म्हणजे तुम्ही ती हजारो वेळा पाहिली आहेत. मी पानं लावायला शिकलो तेव्हा आमच्याकडे मथळ्याची अक्षरं बोटांवर मोजायची पद्धत होती. आठ कॉलमी मथळ्याची मजा वेगळीच, पण खरी परीक्षा एका कॉलमच्या तीन ओळींत असायची.

आता ज्याच्यामुळे ही जात घराघरांत पोहोचली त्या अक्षराकडे येऊ. त्याचं नाव 'इम्पॅक्ट'.

१९५४ मध्ये वॉल्टर हेटनश्वायलर या स्विस रेखाटनकाराने 'श्मालफेटे ग्रोटेस्क' नावाची अक्षरं काढली. जर्मन नावाचा अर्थच 'अरुंद जाड' असा आहे, आणि 'ग्रोटेस्क' हे पावलं नसलेल्या अक्षरांना तिकडचं नाव. त्यात फक्त कॅपिटल अक्षरं होती. 'पारी मॅच' या फ्रेंच साप्ताहिकाच्या मथळ्यांत ती झळकू लागली आणि लंडनच्या जाहिरातवाल्यांना त्यांची भूल पडली. पण ती विकत मिळेनात. मग स्टुडिओतली मंडळी साप्ताहिकाचे अंक आणून मथळ्यांतली अक्षरं कात्रीने कापायची आणि चिकटवून आपल्या जाहिराती जुळवायची. या जाहिरात व्यवसायातला जेफ्री ली. कापाकापीत भागत नाही हे त्याला कळत होतं, आणि लहान लिपीची, म्हणजे इंग्रजी 'स्मॉल', अक्षरं तर कापायलाही उपलब्ध नव्हती. त्याने स्वतःच एक पूर्ण अक्षरसंच काढला. तो १९६५ मध्ये धातूच्या खिळ्यांत ओतून बाजारात आणला शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेकने. म्हणजे पावलं नसलेल्या पहिल्या अक्षराचा वारसा ज्या कंपनीकडे गेला, तिनेच जवळपास दीडशे वर्षांनी, धातूच्या खिळ्यांचे दिवस संपत आले असताना, हे अक्षर ओतलं. मला ही साखळी फार आवडते.

लीचा हेतू त्याने स्वतःच नंतर सांगितला होता. ठरावीक मापात कागदावर जास्तीत जास्त शाई उतरवायची आणि लहान लिपीची उंची शक्य तेवढी वाढवायची. या दोन अर्ध्या वाक्यांत अख्खी विद्या आहे, म्हणून इथे जरा थांबू.

अक्षर म्हणजे काळ्या रेघा, असं आपल्याला वाटतं. पण डोळा ओळखतो ते काळं आणि पांढरं मिळून. 'ब'च्या पोटात तिरकी रेघ आहे म्हणून तो 'व' नाही. इंग्रजी 'ओ'मध्ये मधली पोकळी नसेल तर तो नुसता ठिपका. ही पोटातली पोकळी, तिला मी पोटच म्हणेन, अक्षराला जिवंत ठेवते. आता रुंदी कमी करा आणि रेघा जाड करा. दोन्ही बाजूंनी मार पोटालाच बसतो. इम्पॅक्टमध्ये उभ्या रेघा इतक्या जाड आहेत की त्यांच्या मधलं पांढरं त्यांच्याहून अरुंद आहे. तरी अक्षर वाचता येतं, कारण लीने रुंदीत गेलेली जागा उंचीत परत दिली. लहान लिपीतल्या 'एक्स'ची उंची कॅपिटलच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त आहे, आणि वर जाणारे, खाली येणारे अवयव आखूड आहेत. लहान 'ई' किंवा 'एस' ही अशा संचातली सर्वांत अवघड अक्षरं. त्यांत तीन आडव्या रेघा आणि दोन पोटं एकावर एक रचायची असतात. उंची दिली नाही तर तिथे काळा गोळाच होणार.

दुसरी गोष्ट गोलाईची. खरा गोल जेवढा उंच तेवढाच रुंद असतो, म्हणून अरुंद अक्षरात तो बसत नाही. त्यामुळे 'ओ' गोल राहत नाही. दोन सरळ भिंती आणि वर-खाली वळवलेले कोपरे, असा होतो. सगळी अक्षरं अशा सरळ भिंतींची झाली की ती जवळजवळ लावता येतात, आणि काळी रेघ, पांढरी फट, काळी रेघ असा कुंपणासारखा ठेका तयार होतो. दोन अक्षरांमधली फट पोटातल्या पोकळीशी जुळेल अशी ठेवावी लागते. ती जास्त झाली की शब्द विस्कटतो, कमी झाली की दोन अक्षरांचं तिसरंच काहीतरी होतं.

मग बारीकसारीक दुरुस्त्या आल्या. मोजपट्टीने सारखी असलेली आडवी रेघ डोळ्याला उभीपेक्षा जाड वाटते, म्हणून ती मुद्दाम बारीक करतात. जिथे गोलाई दांड्याला मिळते तिथे काळं साचतं, म्हणून जोडापाशी रेघ कोरून हलकी करतात. चांगल्या फाँटमध्ये अशा शेकडो जागा असतात. बाजूची कड धरून दाबणाऱ्या कॉम्प्युटरला यातलं काहीच ठाऊक नसतं.

धातूच्या खिळ्यांच्या काळात हा प्रश्नच नव्हता, कारण खिळा दाबता येत नाही. अरुंद हवं तर नवीन कोरा. फोटोटाइपसेटिंग, म्हणजे खिळ्यांऐवजी फोटोच्या तंत्राने अक्षरं जुळवणं, आलं तेव्हा भिंगाने अक्षर आडवं चेपता येऊ लागलं आणि डीटीपीने, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावण्याच्या पद्धतीने, ते माऊसवर आणून ठेवलं. सोय वाढली तशी ही चूकही वाढली.

इम्पॅक्टचं पुढचं आयुष्य बहुतेकांना माहीत आहे. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने वेबसाठी मोफत दिलेल्या मोजक्या फाँटांत ते होतं, म्हणून ते जवळजवळ प्रत्येक कॉम्प्युटरवर पोहोचलं. पुढे मांजरांच्या फोटोंवर विनोदी ओळी लिहिणाऱ्यांनी ते उचललं. पांढरं अक्षर, भोवती काळी कड. यामागे नुसती नक्कल नव्हती, कारणही होतं. फोटोत काय रंग असेल ते आधी ठाऊक नसतं. अक्षराला पांढरा भाग आणि काळी कड दोन्ही असली की बर्फावरही वाचता येतं आणि रात्रीच्या आकाशावरही. अक्षर जाड असल्यामुळे कडेने थोडी जागा खाल्ली तरी आत पुरेसं पांढरं उरतं. बारीक अक्षराला अशी कड दिली तर कडच शिल्लक राहते.

आता देवनागरी. इथे सगळं गणित उलटं होतं आणि माझ्या मते हीच या विषयातली सर्वांत रंजक जागा आहे.

'महाराष्ट्र' हा शब्द रोमन लिपीत लिहायला अकरा अक्षरं लागतात, एकापुढे एक. देवनागरीत म, हा, रा, ष्ट्र, एवढ्या चार घरांत तो संपतो. 'ष्ट्र'मध्ये तर तीन व्यंजनं एका घरात राहतात. आपली लिपी आडवी जागा आधीच वाचवते, आणि त्याची किंमत उभ्या जागेत मोजते. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. मध्ये अक्षराचं अंग. खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा पाय. तीन मजली घर आहे हे. लीने केलं तसं 'वर-खालचे अवयव आखूड करा आणि मधलं अंग उंच करा' हे आपल्याकडे सहज जमत नाही, कारण ते अवयव म्हणजे स्वर आहेत. 'कीर्ती'मधला रफार छाटला तर शब्दच बदलतो. दोन ओळींचा मथळा जवळजवळ लावला की वरच्या ओळीतल्या 'कू'चा पाय खालच्या ओळीतल्या 'र्ती'च्या डोक्यात जातो. पानं लावणाऱ्या प्रत्येकाने ही मारामारी पाहिलेली आहे.

अंगातही गर्दी असते. 'क'ला मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना अवयव आहेत. 'म', 'भ', 'थ' यांना गाठी आहेत, आणि जाड रेघेत सगळ्यात आधी बुजते ती गाठच. मराठीचा आपला प्रश्न आणखी वेगळा. 'ळ' म्हणजे शेजारीशेजारी दोन पोटं. आणि मराठी वळणाचा 'ल'ही तसाच आडवा, दोन पाकळ्यांचा. हिंदी वळणाच्या 'ल'ला उजवीकडे सरळ दांडा असतो, तो अरुंद करायला सोपा जातो. म्हणून आळशी कामात मराठीवर हिंदी वळण लादलं जातं. ज्या फाँटांत दोन्ही रूपं भरलेली असतात त्यांत मजकुराची भाषा मराठी आहे असं नोंदवलं की आपलं वळण मिळू शकतं. एवढं तरी प्रत्येक मराठी संकेतस्थळाने करावं असं मला मनापासून वाटतं.

मग देवनागरीचं जाड-अरुंद अक्षर करायचं कसं? शिरोरेषा दांड्यांपेक्षा बारीक ठेवायची. 'ध' आणि 'भ'च्या शिरोरेषेतली फट रुंदी कमी झाली तरी कमी करायची नाही, उलट थोडी राखूनच ठेवायची. 'ळ'ची दोन पोटं गोल न ठेवता उभी लांबट करायची. गाठीचा पूर्ण गोल शक्य नसेल तर तिथे नुसता खाचेचा इशारा द्यायचा. वेलांटीची कमान बसकी करायची, म्हणजे वरचा मजला आटोपशीर होतो. यातली प्रत्येक गोष्ट थोडी जास्त झाली की अक्षर परकं वाटू लागतं, त्यामुळे हे काम डोळ्याचं आहे, सूत्राचं नाही.

हा डोळा आपल्याकडे होता आणि आहे. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली नावं कमल शेडगे यांनी हाताने रेखली. वर्तमानपत्रातल्या चिमुकल्या चौकटीत नाटकाचं नाव उठून दिसायला हवं, अशी ती गरज होती. पाट्या रंगवणारे पेंटरही हेच करत आले. आधी फळी मोजायची, खडूच्या दोरीने वर-खाली रेघ मारायची, बोटाने हवेत अक्षरं मोजायची आणि मग ब्रश उचलायचा. खांबावरची अरुंद पाटी असेल तर अक्षर पहिल्यापासून अरुंदच लिहायचं. ब्रशची जाडी तीच राहते, म्हणून उभ्या आणि आडव्या रेघांचं नातं बिघडत नाही. दाबलेल्या फाँटच्या फ्लेक्सपेक्षा जुनी रंगवलेली पाटी डोळ्याला बरी वाटते, त्यामागे हे एक साधं कारण आहे.

आज तयार पर्यायही आहेत आणि मोफत आहेत. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे 'तेको' आणि 'खंड' हे दोन्ही फाँट देवनागरी आणि रोमन एकत्र घेऊन मथळ्यांसाठी केलेले आहेत. तेकोचं अंग चौकोनी, भिंती सरळ. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'अनेक' २०२२ मध्ये आला, दहा लिप्यांमध्ये. तो व्हेरिएबल फाँट आहे, म्हणजे जाडी आणि रुंदी या दोन पट्ट्या सरकवून हवं ते अक्षर मिळतं. नेहमीची रुंदी १०० धरली तर त्याची रुंदी ७५ पासून १२५ पर्यंत जाते. 'नोटो सान्स देवनागरी' तर ६२.५ पर्यंत अरुंद होतो. वरवर हे दाबण्यासारखंच वाटेल, पण फरक मोठा आहे. इथे अरुंद टोकाचं अक्षर आणि रुंद टोकाचं अक्षर दोन्ही रेखाटनकाराने वेगवेगळी रेखलेली असतात, आणि पट्टी सरकते ती त्या दोन रेखाटनांच्या मधून. त्यामुळे रुंदी घटते तेव्हा दांडे काठ्या होत नाहीत.

कुठे वापरावं हे वेगळं सांगायला नको: मथळे, पोस्टर, जर्सीवरचे आकडे, टीव्हीच्या खालची पट्टी, व्हिडिओच्या छोट्या चित्रावरचे तीन शब्द. कुठे वापरू नये हे मात्र सांगायला हवं. परिच्छेदाच्या मजकुरात नको, कारण लहान मापात पोटं बुजतात, शाई थोडी पसरली तरी बुजतात. आणि दुरून, वेगात वाचायच्या पाटीवरही शक्यतो नको. अक्षराची उंची सारखी असेल तर रुंद अक्षर जास्त अंतरावरून वाचता येतं. जर्मनीच्या डीआयएन १४५१ या प्रमाणित अक्षरांत मध्यम आणि अरुंद अशा दोन रुंद्या आहेत, आणि रस्त्याच्या पाटीवर अरुंद तेव्हाच वापरायचं, जेव्हा गावाचं नाव मध्यमात बसतच नाही.

पुढच्या वेळी चौकात एखादा मोठा फ्लेक्स दिसला की दोनच गोष्टी पाहा. शिरोरेषा दांड्यांपेक्षा जाड आहे का? आणि गोल असायला हवा तो अनुस्वाराचा ठिपका उभा, अंड्यासारखा झालाय का? दोन्हींचं उत्तर हो असेल, तर ते अक्षर कुणी बाजूची कड धरून आत ढकललेलं आहे.